विश्लेषण : रेशनला अपात्र म्हणजे उपचारालाही अपात्र? मधल्या घरांच्या औषधपाण्याचे गणित

महिन्याची २५ तारीख उलटली की मेडिकलच्या काउंटरवर एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘पूर्ण स्ट्रिप नको, पाचच गोळ्या द्या.’ पगार व्हायला आठवडा असतो, किराण्याची उधारी वाढलेली असते आणि मधुमेह-रक्तदाबाच्या गोळ्या ‘चार दिवस नाही घेतल्या तर काय होते’ या हिशेबात मागे पडतात. रेशनचे धान्य मिळत नाही आणि खासगी रुग्णालयाचे बिलही परवडत नाही, अशा लाखो घरांची ही स्थिती आहे. मात्र धान्याला अपात्र ठरलेले कुटुंब उपचारांच्या सवलतींनाही अपात्र असते, हा समज चुकीचा आहे. तो अनेकांना महागात पडतो.

घराच्या जमाखर्चात औषधपाणी कुठे बसते?

उदाहरणादाखल नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत काम करणारे एक घर घेऊ. पती-पत्नी, दोन मुले आणि ७२ वर्षांची आई. पतीचा पगार १८,५०० रुपये, पत्नीची शिवणकामाची कमाई ४,५०० रुपये. म्हणजे महिन्याचे २३,००० रुपये.

खर्च असा : घरभाडे ५,५००, किराणा-भाजी-दूध ७,५००, गॅस आणि वीजबिल १,९००, मुलांची शाळा व क्लास २,२००, पेट्रोल आणि बसभाडे १,८००, मोबाइल रिचार्ज ७००, भिशी १,५०० आणि आईची औषधे, तपासण्या व डॉक्टरांची फी मिळून १,९०० रुपये. बेरीज बरोबर २३,०००. शिल्लक शून्य.

या यादीत घरभाडे चुकवता येत नाही, शाळेची फी टाळता येत नाही, पेट्रोल नसेल तर कामावर जाता येत नाही. महिन्यात पाहुणे आले, सण आला किंवा गाडी पंक्चर झाली की कात्री लागते ती दोनच ठिकाणी : ताटातल्या डाळ-दूध-अंड्यांवर आणि औषधांवर. या दोन्हींचा परिणाम लगेच दिसत नाही, म्हणूनच त्यांच्यावर आधी हात पडतो.

औषधावरची काटकसर महाग का पडते?

रक्तदाब आणि मधुमेहाच्या औषधांचे काम रोग ‘बरा’ करण्याचे नसून तो आटोक्यात ठेवण्याचे असते. गोळी चुकली तरी त्या दिवशी काही दुखत नाही. मात्र रक्तदाब सतत वाढलेला राहिला तर पक्षाघात, हृदयविकार आणि मूत्रपिंड निकामी होण्याचा धोका वाढतो. मधुमेहात डोळे, पाय आणि मूत्रपिंडांवर परिणाम होतो. महिन्याला वाचवलेले दोन-तीनशे रुपये पुढे लाखाच्या बिलाच्या रूपाने समोर येऊ शकतात.

बिल किती येईल, हे कोणत्या दारातून आत जातो यावर ठरते. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५व्या फेरीनुसार (२०१७-१८) देशात सरकारी रुग्णालयात एकदा दाखल होण्याचा सरासरी खर्च ४,४५२ रुपये होता, तर खासगी रुग्णालयात तो ३१,८४५ रुपये, म्हणजे सातपट होता. त्यानंतरच्या वर्षांत महागाईने हे आकडे मागे पडले आहेत.

राष्ट्रीय आरोग्य लेख्यानुसार २०१३-१४ मध्ये देशाच्या एकूण आरोग्य खर्चापैकी ६४.२ टक्के खर्च लोक थेट खिशातून करत होते. २०२१-२२ मध्ये हे प्रमाण ३९.४ टक्क्यांवर आले. घट मोठी आहे, पण आजही शंभरातले सुमारे चाळीस रुपये रुग्णाच्याच खिशातून जातात.

रेशनला अपात्र, मग सगळ्यालाच अपात्र?

गोंधळ इथेच होतो. प्रत्येक योजनेची उत्पन्नमर्यादा वेगळी आहे. महाराष्ट्रात अन्नसुरक्षा कायद्याच्या प्राधान्य गटात बसण्यासाठी वार्षिक उत्पन्न शहरी भागात ५९,००० आणि ग्रामीण भागात ४४,००० रुपयांच्या आत असावे लागते. वरच्या उदाहरणातील घराचे वार्षिक उत्पन्न २ लाख ७६ हजार रुपये आहे. त्यामुळे मोफत धान्य नाही. ‘लाडकी बहीण’ योजनेची मर्यादा अडीच लाखांची आहे. तिथेही हे घर बसत नाही. उत्पन्न एक लाखाच्या वर असल्याने शिधापत्रिका पांढरी.

दोन-तीन ठिकाणी नकार मिळाला की ‘आपल्याला काहीच लागू होत नाही’ अशी घरातल्यांची खात्री होते. प्रत्यक्षात याच घराला उपचारांची चार दारे उघडी आहेत. पगारातून कपात होत असेल तर ईएसआयसी, पांढऱ्या शिधापत्रिकेवरही लागू असलेली महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना, आईसाठी सत्तरीनंतरचे आयुष्मान वय वंदना कार्ड आणि धर्मादाय रुग्णालयातील निम्म्या दराची खाट. शिवाय सरकारी दवाखाना कोणालाही खुला आहे.

महिन्याच्या औषधांचा खर्च कसा कमी होईल?

पहिला उपाय सरकारी दवाखान्याचा. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या अखत्यारीतील प्राथमिक आरोग्य केंद्रे, ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरसह तपासणी व उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची आणि महापालिकांची रुग्णालये या निर्णयात येत नाहीत. तिथे वेगळे शुल्क असू शकते. तिशीच्या पुढच्या नागरिकांची मधुमेह व रक्तदाबाची तपासणी राष्ट्रीय कार्यक्रमातून मोफत होते.

दुसरा उपाय जेनेरिक औषधांचा. गोळीच्या स्ट्रिपवर कंपनीच्या नावाबरोबर मूळ औषधाचे नाव आणि मात्रा छापलेली असते, उदाहरणार्थ ‘मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅम’ किंवा ‘टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅम’. हेच औषध जनऔषधी केंद्रात ब्रँडेड गोळीच्या निम्म्या किंवा त्याहून कमी किमतीत मिळू शकते. अशा केंद्रांची संख्या देशात जानेवारी २०२५ मध्ये १५ हजारांवर गेली. उदाहरणातील १,९०० रुपयांपैकी १,२०० रुपये गोळ्यांचे असतील, तर त्यातले किमान ६०० रुपये इथेच वाचू शकतात. वर्षाला ७,२०० रुपये.

पथ्य मात्र पाळायला हवे. मात्रा तीच आहे ना आणि गोळी साधी की हळूहळू विरघळणारी, हे चिठ्ठीशी ताडून पाहावे. फिट्स, थायरॉइड किंवा रक्त पातळ करण्याच्या औषधाचा ब्रँड डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नये. डॉक्टरांना थेट सांगावे : ‘दर महिन्याला एवढेच परवडते, त्यात बसेल असे द्या.’ न परवडणारी चिठ्ठी घेऊन घरी येणे आणि निम्म्याच गोळ्या घेणे, यापेक्षा हे बोलणे केव्हाही बरे.

पगारपत्रकातील कपातीचा उपयोग काय?

दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेले कामगार कर्मचारी राज्य विमा योजनेत, म्हणजे ईएसआयसीत येतात. कामगाराच्या वेतनातून ०.७५ टक्के कपात होते आणि मालक ३.२५ टक्के भरतो. १८,५०० रुपयांच्या पगारावर कामगाराचे १३९ आणि मालकाचे सुमारे ६०० रुपये दर महिन्याला जमा होतात. कंत्राटी कामगारांनाही हे लागू आहे.

या योजनेचे वैशिष्ट्य असे की, ती फक्त रुग्णालयात दाखल झाल्यावरच नव्हे, तर रोजच्या दवाखान्यासाठी आणि औषधांसाठीही चालते. इतर बहुतेक योजनांत हीच सोय नाही. कामगाराबरोबर पती किंवा पत्नी, मुले आणि अवलंबून असलेले आई-वडीलही तिचा लाभ घेऊ शकतात. अनेक कामगारांच्या नोंदीत मात्र आई-वडिलांची नावेच नसतात. कामाला लागताना घाईत भरलेल्या अर्जात ती राहून गेलेली असतात. ती नंतरही जोडता येतात. कंपनीच्या कार्यालयात किंवा ईएसआयसीच्या शाखेत विमा क्रमांक दाखवून चौकशी करावी. कपात होते पण विमा क्रमांकच मिळालेला नाही, अशी स्थिती असेल तर ठेकेदाराकडे तो मागणे हा कामगाराचा हक्क आहे.

मोफत दवाखान्याचीही एक किंमत असते, ती म्हणजे वेळ. रांगेत अर्धा दिवस गेला तर १८,५०० पगाराच्या कामगाराचे साडेतीनशेच्या आसपास रुपये बुडतात. म्हणून नव्या आजाराचे निदान, मोठ्या तपासण्या आणि कायमची औषधे यांसाठी सरकारी किंवा ईएसआयसी दवाखाना, तर साध्या तापासाठी जवळचा डॉक्टर, अशी विभागणी केली तर दिवसही मोडत नाही आणि मोठा खर्चही टळतो.

रुग्णालयात दाखल व्हावे लागले तर?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली. २०२० पासून ती केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडून राबवली जाते. १ जुलै २०२४ पासून तिची व्याप्ती राज्यातील सर्व कुटुंबांपर्यंत वाढली. पिवळी, केशरी आणि पांढरी अशा तिन्ही शिधापत्रिकाधारकांना वर्षाला कुटुंबामागे पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. तेराशेहून अधिक उपचार यादीत असून ही यादी वेळोवेळी वाढवली जाते. हृदयशस्त्रक्रिया, कर्करोगावरील उपचार आणि डायलिसिसचा त्यात समावेश आहे.

तीन गोष्टी आधीच माहीत हव्यात. एक, ही योजना केवळ अंगीकृत म्हणजे योजनेत नोंदलेल्या रुग्णालयात चालते. दोन, रुग्णालय अंगीकृत असले तरी प्रत्येक विभाग योजनेत असेलच असे नाही. हृदयाचे उपचार असतील आणि हाडांचे नसतील, असेही होते. तीन, बाह्यरुग्ण विभागातील फी आणि कायमच्या गोळ्या यात येत नाहीत.

दाखल होतानाच रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटावे. शिधापत्रिका आणि आधार कार्ड दाखवल्यावर उपचारांची मंजुरी घेतली जाते. तातडीच्या वेळी आधी दाखल करून घेण्याची आणि कागद नंतर देण्याची सोय आहे. मंजूर उपचारासाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. कोणी मागितलेच तर १५५३८८ किंवा १८००२३३२२०० या मोफत क्रमांकांवर तक्रार करता येते.

घरात सत्तरी ओलांडलेली व्यक्ती असेल तर तिच्यासाठी वेगळी सोय आहे. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील सर्वांना उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान वय वंदना कार्ड दिले जाते. त्यावर वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार होतात. आधार कार्डावरील वय हाच मुख्य पुरावा. जन्मतारीख चुकलेली असेल तर ती आधीच दुरुस्त करून घ्यावी.

धर्मादाय रुग्णालयाचा नियम काय?

सार्वजनिक विश्वस्त संस्था म्हणून नोंदलेल्या रुग्णालयांना महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचे कलम ४१ एए लागू होते. राज्यात अशी चारशेहून अधिक रुग्णालये असून त्यांत अनेक नामांकित, महागडी रुग्णालयेही आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार त्यांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवायच्या असतात. त्यासाठी रुग्णालये बिलांच्या रकमेतील दोन टक्के वाटा निर्धन रुग्ण निधीत जमा करतात.

वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन आणि ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल घटक. २ लाख ७६ हजार उत्पन्नाचे वरचे घर दुसऱ्या गटात बसते आणि त्याला बिलात ५० टक्के सवलत मागता येते. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. रुग्ण अतिदक्षता विभागात असताना दाखल्यासाठी तहसीलच्या खेपा घालणे कठीण जाते. म्हणून हा दाखला घरात तयार असावा आणि मुदत संपण्याआधी नवा काढावा.

अशा रुग्णालयात गेल्यावर काउंटरवर ‘चॅरिटी बेड आहे का’ एवढेच विचारून परत फिरू नये. वैद्यकीय समाजसेवकाला भेटून लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. दाद मिळाली नाही तर जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात तक्रार करता येते.

खासगी रुग्णालयात रुग्णाचे हक्क कोणते?

राज्याने जानेवारी २०२१ मध्ये शुश्रूषागृह नोंदणी नियमांत दुरुस्ती केली. त्यानुसार रुग्णालयांनी दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे. रुग्णाला बिलाचा तपशील मागता येतो. पैसे थकले म्हणून मृतदेह अडवून ठेवता येत नाही. हृदयातील स्टेंट आणि गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर केंद्राने २०१७ मध्ये कमाल मर्यादा घातली. त्यामुळे बिलात त्यांची किंमत वेगळी दाखवलेली आहे का, हे तपासावे.

कर्ज काढण्याआधी काय?

रात्री रुग्णालयाने अनामत मागितली की सकाळी सावकाराचे दार गाठले जाते. ‘शेकडा पाच’ हा दर ऐकायला लहान वाटतो, पण तो महिन्याचा असतो. म्हणजे वर्षाला ६० टक्के. ५० हजारांवर महिन्याला २,५०० रुपये नुसते व्याज, मुद्दल तसेच. बिगरशेती विनातारण कर्जासाठी परवानाधारक सावकाराला वर्षाला १८ टक्क्यांपर्यंतच दर लावता येतो. त्या दराने हेच व्याज महिन्याला ७५० रुपये होते.

म्हणून क्रम ठरलेला असावा. आधी आरोग्यमित्र, मग धर्मादाय खाट, मग मुख्यमंत्री सहायता निधीचा वैद्यकीय मदतीचा अर्ज. हा अर्ज उपचार सुरू असतानाच करावा. तरीही रक्कम कमी पडली तर बचत गट, पतसंस्था किंवा बँकेचे सोनेतारण कर्ज. हातउसने आणि सावकार सर्वांत शेवटी.

विमा घ्यावा का?

पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी दोन लाखांपर्यंत संरक्षण मिळते. जीवनज्योती योजनेत ४३६ रुपयांत दोन लाखांचा जीवनविमा आहे आणि १८ ते ५० वर्षे वयात त्यात सहभागी होता येते. कमावत्या व्यक्तीसाठी दोन्ही घ्याव्यात. मात्र या योजना रुग्णालयाचे बिल भरत नाहीत.

वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरील १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला. पूर्वीपासूनच्या आजारांसाठीचा प्रतीक्षा कालावधीही २०२४ मध्ये कमाल चार वर्षांवरून तीन वर्षांवर आणण्यात आला. ज्यांना ईएसआयसी नाही आणि ज्यांच्या परिसरात जन आरोग्य योजनेची चांगली रुग्णालये नाहीत, त्यांनी परवडत असेल तर ‘आरोग्य संजीवनी’ या प्रमाणित पॉलिसीचा विचार करावा. हप्त्यासाठी औषधे बंद करावी लागत असतील, तर मात्र आधी औषधे.

मग घरखर्चात कपात कुठे?

किराण्यात कपात करायचीच तर पाकीटबंद खाऊ, थंड पेये आणि बिस्किटांत करावी. डाळ, कडधान्ये, अंडी व दुधात नको. विजेचा वापर १०० युनिटच्या पुढे गेला की वरच्या युनिटना चढा दर लागतो, हे लक्षात घेऊन वापर बेताचा ठेवता येतो. घरातल्या सगळ्यांच्या मोबाइल रिचार्जची एकदा बेरीज करावी. एखादा फोन स्वस्त प्लॅनवर चालतो.

जेनेरिक औषधांतून वाचलेले ६०० रुपये महिन्याच्या खर्चात विरघळू देऊ नयेत. पगाराच्या दिवशीच ते टपाल खात्याच्या आवर्ती ठेवीत टाकता येतात. हे खाते महिना १०० रुपयांपासून उघडता येते. वर्षात जमणारे ७,२०० रुपये मोठ्या शस्त्रक्रियेला पुरणार नाहीत, पण रुग्णवाहिका, पहिल्या तपासण्या आणि रुग्णाजवळ थांबणाऱ्याचे चार दिवसांचे जेवण यांची सोय होते. योजना ज्या खर्चाला हात लावत नाहीत, तो हाच.

आजारपणाआधी काय तयार ठेवावे?

एका पिशवीत सहा कागद : शिधापत्रिका, सर्वांची आधार कार्डे, आयुष्मान कार्ड, उत्पन्नाचा दाखला, ईएसआयसीचा विमा क्रमांक आणि सध्याच्या औषधांची चिठ्ठी. प्रत्येकाचा फोटो घरातल्या किमान दोन मोबाइलमध्ये असावा. शिधापत्रिका आणि आधारवरील नावांचे स्पेलिंग जुळते का ते पाहावे. सुनेचे नाव अजून माहेरच्या शिधापत्रिकेवर आणि बाळाचे कुठेच नाही, ही अडचण नेमकी रुग्णालयाच्या काउंटरवर उघड होते. घराजवळचे जनऔषधी केंद्र आणि अंगीकृत रुग्णालय कोणते, हे एकदा जाऊन पाहून ठेवावे. तातडीच्या रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक मोफत आहे.

या सगळ्याला एक सुट्टीचा दिवस आणि तहसील किंवा सेवा केंद्राच्या एक-दोन खेपा लागतात. कागद घरात असले तर रात्री-अपरात्री सावकाराकडे जाण्याची वेळ टळू शकते. आणि गोळ्या निम्म्या किमतीत मिळू लागल्या, तर २५ तारखेनंतरही त्या चुकवाव्या लागत नाहीत.